संत, गुरू आणि देवदेवतांची जुनी टपाल तिकिटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रह सुरू करायचा तर कुठल्या तिकिटांपासून?

१ ऑक्टोबर १९५२ ला निघालेल्या संत-कवी मालिकेपासून. सहा तिकिटांचा हा संच आहे: कबीर ९ पै, तुलसीदास १ आणा, मीरा २ आणे, सूरदास ४ आणे, गालिब साडेचार आणे आणि रवींद्रनाथ टागोर १२ आणे. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने (कोरलेल्या सिलिंडरवरून बारीक ठिपक्यांत होणारी छपाई) छापलेली ही भारताची पहिली तिकिटं. गालिब आणि टागोर काही संत नव्हेत, पण मालिका सहांचीच आहे आणि ती पूर्ण असेल तरच संच म्हणून मोजली जाते. निव्वळ चार संतांची तिकिटं वेगळी काढून ठेवलेला संच नंतर विकायला गेलात तर सुट्या तिकिटांचाच भाव येतो.

हा संच पहिला घ्यावा असं सांगण्याचं कारण वेगळंच आहे. जुन्या तिकिटांबद्दल शिकायचं ते सगळं या सहा तिकिटांत शिकता येतं: वॉटरमार्क (कागदातच असलेली पुसट खूण), परफोरेशन (कडेची छिद्रं), डिंक, छपाई, पावसाळ्याने केलेलं नुकसान. आधी वापरलेला, शिक्का पडलेला संच घ्या, तो स्वस्त पडतो. हात बसला की मिंट, म्हणजे न वापरलेली, पाठीवर डिंक असलेली तिकिटं बघा. कमी किमतीची चार तिकिटं सहज मिळतात. टागोरांचं १२ आण्यांचं चांगल्या स्थितीत शोधायला वेळ लागतो.

तिकिटावर संत किंवा देव आहे म्हणून किंमत वाढते का?

नाही. सगळ्यात जास्त फसवणूक याच समजुतीतून होते. "दुर्मिळ गुरुनानक तिकीट" अशा जाहिराती रोज दिसतात. गुरुनानकांचं १९६९ चं २० पैशांचं तिकीट अजूनही ढिगाने मिळतं. श्रद्धेचा विषय असला की विकणारा भाव चढवतो आणि घेणारा घासाघीस करायला संकोचतो. तिकिटाची किंमत ठरते ती किती शिल्लक आहेत आणि कोणत्या स्थितीत आहेत यावर. डिंक, छिद्रं, कागद, रंग आणि मधोमध बसलेलं चित्र, एवढंच बघा.

स्वातंत्र्यापूर्वी देवदेवतांची तिकिटं होती का?

ब्रिटिश हिंदुस्थानच्या नेहमीच्या तिकिटांवर राजाराणीचे चेहरे असत. देव दिसतात ते संस्थानांच्या तिकिटांवर. बुंदेलखंडातल्या दतिया संस्थानाच्या १८९० च्या दशकापासूनच्या तिकिटांवर गणपती आहे. ही तिकिटं बहुतेक बिनछिद्रांची, ओबडधोबड छपाईची आहेत आणि विक्रीला जाण्यापूर्वी त्यांवर बहुधा संस्थानाचा गोल शिक्का उठवला जाई. सुरुवातीची तिकिटं फारच दुर्मिळ आहेत आणि त्यांच्या नकलाही तेवढ्याच जुन्या आहेत. तज्ज्ञाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय दतियाचं महाग तिकीट घेऊ नका.

जयपूरने १९०४ मध्ये सूर्यदेवाचा रथ असलेली तिकिटं काढली. ती नवशिक्यालाही परवडतात आणि दिसायलाही देखणी आहेत.

शेजारी नेपाळने १९०७ मध्ये पशुपतीची मालिका काढली. लंडनच्या पर्किन्स बेकनने ती कोरीव पद्धतीने छापली. चांगल्या प्रतीवर बोटाचं टोक अलगद फिरवलं तर शाईचा उठाव जाणवतो. त्यावर "गोरखा सरकार" अशी अक्षरं आहेत. पुढे त्याच चित्रावर "नेपाल सरकार" आलं. १९४० च्या दशकात काठमांडूत झालेली छपाई पुसट आणि जाडसर आहे. विकणारे हे तिन्ही प्रकार एकाच भावाने देतात, म्हणून अक्षरं वाचूनच घ्या.

१९४९ च्या मालिकेतल्या बोधिसत्त्वाच्या दोन तिकिटांचा काय घोळ आहे?

१५ ऑगस्ट १९४९ ला पुरातत्त्व मालिका निघाली. सोळा तिकिटं, ३ पैपासून १५ रुपयांपर्यंत. धार्मिक संग्रहासाठी तीत भरपूर आहे: ९ पैवर त्रिमूर्ती, १ आण्यावर बोधिसत्त्व, २ आण्यांवर नटराज, ३ आण्यांवर सांचीचं तोरण, १२ आण्यांवर अमृतसरचं सुवर्णमंदिर आणि १५ रुपयांवर पालिताण्याचं शत्रुंजय मंदिर.

१ आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी छापली गेली, म्हणजे डावं ते उजवं झालं. १५ जुलै १९५० ला दुरुस्त केलेलं तिकीट आलं. दोन्ही शेजारी ठेवली की एका तिकिटावरचा पुढे आलेला हात दुसऱ्यावर विरुद्ध बाजूला दिसतो. रंग सारखा, मूल्य सारखं, त्यामुळे जुन्या अल्बममध्ये दोन्ही एकाच खणात एकावर एक ठेवलेली सापडतात. मोठा जुना गठ्ठा हाती आला तर १ आण्याची हिरवट निळी तिकिटं आधी वेगळी काढून दोन रांगा लावा.

रुपयांची तिकिटं तारघरात आणि पार्सलवर खूप वापरली गेली. त्यामुळे १० आणि १५ रुपयांची बरीच तिकिटं तारेच्या शिक्क्याची असतात. त्यांना टपालाच्या शिक्क्यापेक्षा बराच कमी भाव मिळतो. शिक्क्यातली अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिकिटावर साल नसेल तर काळ कसा ओळखायचा?

मूल्य वाचा. आणे-पै असेल तर तिकीट १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. "न. पै." म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. १ जून १९६४ पासून "नवे" गेलं आणि नुसते पैसे राहिले. म्हणून १९६२ चं स्वामी दयानंद आणि १९६३ चं विवेकानंद ही दोन्ही १५ नव्या पैशांची आहेत, तर डिसेंबर १९६४ चं संत थॉमस १५ पैशांचं.

वॉटरमार्क कसा बघायचा? बेंझिन वापरू का?

१९५२ चा संच चांदण्यांच्या वॉटरमार्कच्या कागदावर आहे. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अशोकस्तंभाच्या शीर्षाचा वॉटरमार्क आला. एकाच चित्राच्या दोन छपाया वेगळ्या ओळखायला हा फरक उपयोगी पडतो.

आधी कोरड्याने बघा. काळा, गुळगुळीत पुठ्ठा घ्या. तिकीट पालथं ठेवा आणि खिडकीतला उजेड तिरका पडेल असं धरा. डोळा तिकिटाच्या पातळीवर आणून पुठ्ठा हळूहळू फिरवला की चांदण्या उमटतात. निम्म्याहून जास्त तिकिटांचं काम इथेच होतं.

फोटोग्रॅव्ह्युअर छपाईच्या तिकिटावर बेंझिन (वॉटरमार्क उठून दिसावा म्हणून वापरतात तो द्रव) टाकू नका. त्या शाईतले काही रंग बेंझिनने सुटतात, आणि संत-कवी मालिका नेमकी त्याच छपाईची आहे. वॉटरमार्क दिसतच नसेल तर शिक्का पडलेल्या, स्वस्त प्रतीवर आधी प्रयोग करा. संस्थानी तिकिटांवर तर कुठलाही द्रव नको; तिथल्या शिक्क्याची शाई साध्या पाण्यातही पसरते.

मिंट तिकिटाचा डिंक खरा की नंतर लावलेला, हे कसं कळतं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण मूळ डिंकाला वेगळा भाव असतो आणि फसवणूक त्यासाठीच होते. दहा पटीचं भिंग घ्या आणि छिद्रांच्या दातांची टोकं बघा. कारखान्यात आधी पूर्ण शीटला डिंक लागतो, मग छिद्रं पडतात, मग तिकिटं फाडून वेगळी होतात. त्यामुळे खऱ्या तिकिटाच्या दातांच्या टोकाला कागदाचे मऊ, उसवलेले तंतू दिसतात आणि त्यांवर डिंक नसतो. नंतर डिंक लावलेल्या तिकिटात तो टोकांवर आणि छिद्रांच्या आतल्या कडांवर जमतो; तंतू एकमेकांना चिकटून कडक होतात. बोटाच्या पेरावर दात फिरवले की ते टोचतात. खऱ्या तिकिटाचे दात टोचत नाहीत.

दुसरी खूण हिंजची. पूर्वी सगळेच संग्राहक कागदी हिंज (डिंक लावलेला छोटा, घडीचा कागद) लावून तिकिटं चिकटवत, म्हणून साठ-सत्तर वर्षांच्या तिकिटाच्या पाठीवर हिंजचा डाग असणं स्वाभाविक आहे. पाठ एकसारखी चकचकीत, कुठेही वाळल्याची बारीक भेग नाही, असं जुनं तिकीट दिसलं तर शंका घ्या. हिंज लागलेलं मिंट तिकीट वाईट नसतं. फक्त हिंज न लागलेल्याचा भाव त्याला देऊ नका.

छिद्रं मोजायची गरज आहे का?

आहे. परफोरेशनचा आकडा म्हणजे २ सेंटिमीटर लांबीत किती छिद्रं. संत-कवी संच १४ चा आहे. मोजपट्टीवर दात बसत नसतील, किंवा एक बाजू इतर तीन बाजूंपेक्षा सरळ आणि तकतकीत कापलेली दिसली, तर मोडके दात काढून छिद्रं नव्याने पाडलेली असू शकतात. असं तिकीट चित्राभोवतीच्या कोऱ्या कडेला कमी रुंद भरतं. चारही कडा आडव्याउभ्या मोजून दुसऱ्या प्रतीशी ताडून बघा.

नकली छपाई ओळखण्याची सोपी खूण?

भिंगातून चेहऱ्याची सावली बघा. फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये बारीक, एकसारख्या जाळीचे ठिपके सगळीकडे असतात आणि अक्षरांच्या कडाही किंचित करवती दिसतात. घरच्या प्रिंटरच्या छपाईत वेगवेगळ्या रंगांचे विस्कटलेले शिंतोडे दिसतात. काळ्या अक्षरात निळा-गुलाबी ठिपका दिसला की तिकीट बाजूला ठेवा.

जुन्या पाकिटावरून तिकीट सोडवायचं कसं?

आधी सोडवायचंच का, ते ठरवा. १९५२ चं पूर्ण पाकीट, त्यावर स्पष्ट शिक्का आणि गावाचं नाव वाचता येत असेल तर पाकीट अख्खं ठेवा. अशी पाकिटं सुट्या वापरलेल्या तिकिटापेक्षा जास्त मागणीची असतात आणि एकदा कापलं की परत जोडता येत नाही.

पाकीट फाटकं असेल तर असं करा:

१. तिकिटाभोवती ५-६ मिलिमीटर कागद ठेवून कापा. दातांना कात्री लागू देऊ नका.

२. लाल, हिरव्या, खाकी कागदावरची आणि जांभळ्या शाईचा शिक्का असलेली तिकिटं वेगळी काढा. ती एकेक करून वेगळ्या भांड्यात भिजवायची, नाहीतर एकाचा रंग सगळ्यांना लागतो.

३. पसरट ताटलीत साधं किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या. तिकीट वर तोंड करून तरंगू द्या. १५ ते ३० मिनिटं लागतात.

४. कागद आपोआप सरकला पाहिजे. ओढावं लागत असेल तर अजून दहा मिनिटं थांबा. तिकीट कागदापासून सोलू नका, कागद तिकिटापासून सोला.

५. पाठीला उरलेला डिंक स्वच्छ पाण्यात बोटाने हलकेच काढा. हा टप्पा गाळला तर तिकीट वाळताना टिपकागदाला चिकटतं.

६. पांढऱ्या टिपकागदावर पालथं वाळवा. उन्हात नको आणि इस्त्री तर नकोच. जवळजवळ वाळलं की दोन कोऱ्या टिपकागदांत घालून रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा.

मिंट तिकीट, दतियासारखी संस्थानी तिकिटं आणि भूतानने १९६९ मध्ये कापडावर छापलेली थांगका (बौद्ध धार्मिक) चित्रांची तिकिटं पाण्यात घालू नका.

पावसाळ्यात काय करायचं?

कोकण, मुंबई, गोवा इथल्या संग्राहकाचा खरा शत्रू हवा आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की डिंक ओलसर होऊन तिकीट स्टॉकबुकच्या (तिकिटं खोचून ठेवायच्या वहीच्या) पट्टीला धरतं. त्याच हवेत बुरशी धरून तपकिरी ठिपके पडतात. एकदा पडलेला ठिपका तिकिटाला इजा न करता पूर्ण निघत नाही. ब्लीच लावून काढलेला डाग रंगही नेतो आणि कागद ठिसूळ करतो.

४५ ते ५५ टक्के आर्द्रता राखायचा प्रयत्न करा. एक स्वस्त आर्द्रतामापक कपाटात ठेवा, अंदाजावर जाऊ नका. स्टॉकबुकं उभी ठेवा, आडवी रचू नका; खालच्या वहीवर वजन येऊन डिंक दाबला जातो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, निदान चार बोटं जागा सोडा. हवाबंद डब्यात ठेवत असाल तर रंग बदलणारं सिलिका जेल घाला आणि ते रंग बदलेल तेव्हा तापवून पुन्हा कोरडं करा. ओली झालेली पुडी महिनोन्महिने तशीच पडून राहिली तर तिचा उपयोग शून्य. पंधरवड्यातून एकदा, कोरड्या दिवशी, पंख्याखाली वह्या उघडून पानं हलवा.

डांबराच्या गोळ्या वहीत टाकू नका. त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर बसते. कसर लागू नये म्हणून कपाट स्वच्छ ठेवणं आणि वह्या वारंवार उघडणं पुरेसं असतं.

दोन मिंट तिकिटं एकमेकांना चिकटलीच, तर ओढू नका. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर जाळी, जाळीवर तिकिटं, आणि झाकण बंद. दर अर्ध्या तासाने बघत राहा. दोन-चार तासांत ती सुटतात. डिंकाची थोडी हानी होतेच, पण चित्र वाचतं.

संतांचं तिकीट देवघरात किंवा फ्रेममध्ये ठेवलं तर?

भावना समजते, आणि तिचा मान राखूनच सांगतो: मूळ तिकीट तिथे ठेवू नका. उदबत्तीचा धूर आणि निरांजनाची काजळी कागद पिवळा करते. तेल, हळद, कुंकू यांचा डाग कायमचा. लॅमिनेशन केलेलं तिकीट संग्रहातून कायमचं बाद होतं, कारण गरम प्लॅस्टिक कागदात शिरतं. चांगल्या प्रतीचं स्कॅन करून मोठी छापील प्रत फ्रेम करा. ती मूळ तिकिटापेक्षा दिसतेही चांगली.

सेलोटेप, फेविकॉल आणि स्वस्त पीव्हीसीचे कप्पे यांचीही तीच गत आहे.

आपल्या वारकरी संतांची जुनी तिकिटं कोणती?

जुन्यात बसणारं मुख्य तिकीट संत नामदेवांचं: ९ नोव्हेंबर १९७०, २० पैसे, जन्माच्या सातशेव्या वर्षानिमित्त. नामदेवांची वाणी गुरुग्रंथसाहिबात असल्यामुळे पंजाबातही या तिकिटाला संग्राहक आहेत. ते गुरुनानक (१९६९), गुरू गोविंदसिंग (१९६७) आणि संत रविदास (१९७१) यांच्या तिकिटांबरोबर एका पानावर मांडता येतं. ही मांडणी आम्हाला फार आवडते. एकाच दशकाच्या आसपासची चार तिकिटं, आणि भक्तीचा एक पूर्ण प्रवास समोर येतो.

ज्ञानेश्वर (१९९७), गाडगेबाबा (१९९८), तुकाराम (२००२) आणि एकनाथ (२००३) यांची तिकिटं अलीकडची आहेत. ती जरूर घ्या, पण जुनी म्हणून जादा पैसे देऊ नका.

गोव्याच्या पोर्तुगीज तिकिटांत काय शोधावं?

सेंट फ्रान्सिस झेवियर. त्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनसोहळ्यानिमित्त १९३१ मध्ये सहा तिकिटांचा संच निघाला. सगळ्यांवर त्यांचा चेहरा नाही. स्वाक्षरी, समाधी, बॉम जेझुस चर्च अशीही चित्रं आहेत. मृत्यूच्या चारशेव्या वर्षी, १९५२ मध्ये, दुसरा संच आला. १९५१ मध्ये गोव्याचे ख्रिस्ती धर्मगुरू जुझे वाझ यांच्या जन्माच्या तीनशे वर्षांनिमित्तही तिकिटं निघाली. त्यांवरचं चलन रेईस, टांगा आणि रुपिया असं आहे: १२ रेईसचा एक टांगा, १६ टांग्यांचा एक रुपिया. सूचीत मूल्य वाचताना इथे हमखास गोंधळ होतो.

भारताने १९७४ मध्ये झेवियर यांच्यावर २५ पैशांचं तिकीट काढलं. ते शेजारी लावलं तर पान पूर्ण होतं. त्याच पानावर २ डिसेंबर १९६४ चं संत थॉमस शोभतं. पोप सहावे पॉल मुंबईत उतरले त्याच दिवशी ते निघालं. त्यावरची मूर्ती मात्र भारतातली नाही, इटलीतल्या ओर्तोना इथल्या चर्चमधली आहे.

ज्यावर चेहराच नाही असं तिकीट या संग्रहात घ्यायचं का?

घ्यावं. १९५६ च्या बुद्धजयंतीच्या २ आणे आणि १४ आण्यांच्या तिकिटांवर बोधिवृक्ष आहे. १९७४ च्या महावीर निर्वाणाच्या तिकिटावर पावापुरीचं जलमंदिर आहे. ही दोन्ही वगळली तर बुद्ध आणि महावीर यांच्याविषयीची सुरेख जुनी तिकिटं हातची जातात.

फर्स्ट डे कव्हर घेताना काय तपासायचं?

फर्स्ट डे कव्हर म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट, म्हणून शिक्क्यातली तारीख आणि तिकीट निघाल्याची तारीख जुळली पाहिजे. शिक्का तिकिटावरून पाकिटावर सलग उतरलेला हवा. पाकिटावरचा अर्धा भाग वेगळ्या काळेपणाचा दिसला तर तिकीट नंतर चिकटवलेलं आहे. पाकिटात टपालखात्याची माहितीपत्रिका असेल तर ती वेगळ्या कप्प्यात ठेवा. तिच्या आम्लयुक्त कागदाचा पिवळेपणा पाकिटावर उतरतो.

विकत कुठे घ्यायची?

मुंबई, पुणे, नागपूर, पणजी इथल्या मोठ्या टपाल कार्यालयांतले फिलाटेलिक ब्युरो अलीकडची तिकिटं छापील किमतीला देतात. जुन्यांसाठी विक्रेते, प्रदर्शनं आणि संग्राहक मंडळांच्या बैठका. ऑनलाइन घेत असाल तर पुढच्या आणि पाठच्या बाजूचा फोटो मागा. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

लांबच्या देशांच्या नावाने हिंदू देवतांच्या रंगीबेरंगी शीटा विकल्या जातात. त्यांतल्या कितीतरी त्या देशांच्या टपालखात्याने कधी काढलेल्याच नसतात. कॅटलॉगमध्ये नोंद सापडली नाही तर ती तिकिटं नव्हेत, लेबलं आहेत. "माय स्टॅम्प" योजनेतली देवस्थानांची तिकिटंही वेगळ्या पानावर ठेवा. ती २०११ पासूनची आहेत आणि आपला फोटो तिकिटालगत छापून घेण्याची ती सोय आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा जुना अल्बम मिळाला आहे. पहिलं काम काय?

काहीही सोडवू नका. हात धुऊन कोरडे करा आणि प्रत्येक पानाचा फोटो जसं आहे तसं काढा. पानांवर पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदीही त्यात यायला हव्यात. मग चिमट्याने एकेक खण तपासा आणि तीन ढीग करा: पाकिटं आणि कार्डं, डिंक असलेली मिंट, शिक्का पडलेली. हिंजने चिकटलेली तिकिटं तशीच राहू द्या. वाळलेला हिंज अलगद निघतो, न निघणाऱ्याशी झटापट केली तर पाठीचा कागद पातळ होतो आणि भाव निम्म्यावर येतो. गोंदाने थेट पानावर चिकटवलेली तिकिटं पानाच्या तुकड्यासकट कापून वर सांगितल्याप्रमाणे भिजवा, पण त्याआधी पानाची शाई पाण्यात सुटते का ते एका कोपऱ्यावर ओला कापूस टेकवून बघा.